गाणं सगळ्यांचं, नाव कुणाचं?

ऑगस्ट जवळ आला की आमच्याकडच्या काही कलावंतांचे फोन वाजायला लागतात. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या जाहिरात संस्थेला १५ ऑगस्टसाठी 'एकतेचं गाणं' करायचं असतं. कुणी कोकणातला ढोलवाला शोधतं, कुणी मराठवाड्यातला भारुडकार, कुणी सोलापूर-सांगलीकडचा सनईवाला. जानेवारीत पुन्हा तेच. गाण्याचा साचा आता सर्वांना पाठ झाला आहे. एका शहरात एकजण गातो, दुसऱ्या गावात दुसरा तीच ओळ उचलतो, तिसरीकडे कुणी तालवाद्य धरतो आणि चार मिनिटांत नदी, डोंगर, घाट, मशीद, मंदिर, गुरुद्वारा असा सगळा देश पडद्यावरून सरकतो. शेवटी तिरंगा येतो आणि त्याखाली एखाद्या सिमेंटचं किंवा बँकेचं नाव.

मला ही गाणी आवडतात, हे आधीच सांगतो. धार्मिक मिरवणुकीत मशिदीसमोर थांबून मुद्दाम लावली जाणारी चिथावणीची गाणी आपण अलीकडे खूप ऐकली आहेत. तीही लॅपटॉपवरच तयार होतात आणि मोबाईलवरूनच गावोगाव पोहोचतात. तेच तंत्र वापरून कुणी माणसं जोडत असेल तर त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण गाणं जोडण्याचा दावा करत असेल तर त्याला तीन साधे प्रश्न विचारायला हवेत. सूर कुणी लावला? नाव कुणाचं आलं? आणि पैसे कुणाला मिळाले? या तिन्हींची उत्तरं देता येत नसतील तर ते एकतेचं गाणं नाही, एकतेची जाहिरात आहे.

रस्त्यावरचा गायक आणि त्याचा पाया

या प्रकारचं जगभर सर्वाधिक गाजलेलं उदाहरण 'प्लेइंग फॉर चेंज'चं. मार्क जॉन्सन हा अमेरिकेतला ध्वनिमुद्रक. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथं रस्त्यावर रॉजर रिडली नावाचा एक कृष्णवर्णीय गायक गिटार घेऊन 'स्टँड बाय मी' गाताना त्याला दिसला. बेन ई. किंग यांनी १९६१ मध्ये लोकप्रिय केलेलं हे गाणं. जॉन्सननं स्टुडिओच उचलून रस्त्यावर आणला. रिडलीचा आवाज आणि गिटार तिथंच ध्वनिमुद्रित केली. मग तो ट्रॅक घेऊन तो न्यू ऑर्लिन्सला गेला. तिथं ग्रँडपा इलियट हे वृद्ध, अंध कलावंत रस्त्यावर हार्मोनिका वाजवत, गात. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, रिडलीचा आवाज ऐकवला आणि त्यावर त्यांना गायला लावलं. पुढं अॅमस्टरडॅम, रिओ, मॉस्को, दक्षिण आफ्रिकेतली गुगुलेथू वस्ती असा प्रवास झाला. प्रत्येक ठिकाणी आधीच्यांचं ऐकायचं आणि आपलं त्यात मिसळायचं. २००८च्या अखेरीस हा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि कोट्यवधी लोकांनी पाहिला. रिडलीला मात्र तो पाहता आला नाही. २००५ मध्येच त्याचा मृत्यू झाला होता.

या पद्धतीत तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक, कलावंताला स्टुडिओत बोलावलं नाही, स्टुडिओ त्याच्या चौकात गेला. जो आपल्या जागेवर वाजवतो तो निर्धास्त वाजवतो. काचेच्या खोलीत, अनोळखी लोकांसमोर, घड्याळाकडे बघत वाजवणारा वादक अर्धा घाबरलेलाच असतो. दोन, पडद्यावर प्रत्येकाचं नाव आणि गाव आलं. तीन, गाण्याचा पाया एका रस्त्यावरच्या गायकानं घातला. नंतर मोठमोठी नावं अशा व्हिडिओंमध्ये आली, पण सुरुवात फुटपाथवर झाली. पुढं याच मंडळींनी फाउंडेशन काढून आफ्रिकेत आणि इतरत्र मुलांसाठी संगीतशाळा सुरू केल्या. २०१९ मध्ये स्वीडनचा मानाचा पोलर संगीत पुरस्कार या फाउंडेशनला मिळाला. ग्रँडपा इलियट उतारवयात या मंडळींच्या बँडसोबत जगभर फिरले.

तरीही माझी एक तक्रार आहे. गाणं इंग्रजी, चाल अमेरिकी, लय आणि पट्टी आधीच ठरलेली. न्यू मेक्सिकोतल्या झुनी आदिवासींचा ढोल त्यात येतो, पण झुनींचं गाणं येत नाही. म्हणजे पाया एकाचा, बाकीच्यांनी त्यावर रंग भरायचा. जॉन्सनचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. अडचण तंत्राच्या पोटातच आहे. अशा गाण्यात जो पहिला ध्वनिमुद्रित होतो त्याची पट्टी आणि त्याची लय सगळ्यांना बांधून टाकते. आपल्याकडे ही अडचण आणखी मोठी होते. आपला लोककलावंत गळ्याप्रमाणे पट्टी लावतो. सनईची पट्टी तर वाद्य घडवतानाच ठरलेली असते. खेड्यातला शाहीर कडव्यागणिक लय चढवत नेतो. त्याच्या कानात एकसारखी टिकटिक सोडली आणि 'याच्या बाहेर जाऊ नका' असं सांगितलं की त्याची अर्धी कला तिथंच संपते. उरतो तो आवाजाचा एक तुकडा आणि फेट्याचा रंग.

म्हणून पहिला प्रश्न सूर कुणी लावला हाच. अशा गाण्याची सुरुवात एकदा तरी मांगणियाराच्या कमायच्यावरून किंवा धनगरी गजाच्या ढोलावरून व्हावी आणि गिटारवाल्यानं त्याच्यामागं यावं. कोण कुणाशी जुळवून घेतो यावरूनच बरोबरी कळते.

'मिले सुर' आणि मिरजेचा दर्गा

आपल्या देशात या प्रकारचा पाया 'मिले सुर मेरा तुम्हारा'नं घातला. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवरून ते पहिल्यांदा दिसलं. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांचं. संगीताच्या कामात आपले अशोक पत्की आणि लुई बँक्स होते. भैरवीतल्या या गाण्यात देशातल्या १४ भाषा होत्या. त्यात उर्दूही होती, हे आज आवर्जून सांगावं लागतं. पडद्यावर ओठ हलवणारे बहुतेक जण गायक नव्हते. नट होते, खेळाडू होते, चित्रकार होते. पण सुरुवात पंडित भीमसेन जोशींच्या आवाजानं होत असे आणि त्या आवाजाला सगळा देश ओळखत होता.

हा आवाज आला कुठून, ते मात्र त्या गाण्यात दिसत नाही. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे, त्यावरूनच किराणा घराणं. पुढं ते मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि मिरजेतल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन करण्यात आलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा होते. हिंदू-मुस्लिम गायक तिथं हजेरी लावतात आणि त्याची कुणाला जाहिरात करावी लागत नाही. त्याच मिरजेत शिकलगार समाजाची घरं आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. देशभरचे गायक मिरजेचा तंबोरा मागं घेऊन बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणजे १९८८ साली देशाला एकत्र आणणाऱ्या त्या पहिल्या सुराच्या मागं एक मुसलमान उस्ताद होता. पण त्याला दाखवायला टोपी लागली नाही, दाढी लागली नाही. तो गाण्याच्या आत होता. ही खरी साझी विरासत. ती सुरात असते, पोशाखात नसते.

२६ जानेवारी २०१० रोजी याच गाण्याची नवी आवृत्ती आली. मूळ गाणं सहा मिनिटांच्या आसपासचं, नवं सोळा मिनिटांहून लांब. त्यात हिंदी सिनेमातले तारे इतके होते की देश शोधावा लागत होता. लोकांनी तेव्हाच नाराजी व्यक्त केली. जुन्या गाण्यातही तारे होते, पण सूर आधी आणि चेहरा नंतर, हा क्रम बहुतांशी पाळला गेला होता. दुसऱ्या वेळी तो उलटला. गाण्याचा फोटो-अल्बम झाला. आज दरवर्षी येणाऱ्या लहानसहान एकता-गीतांनी नेमका हाच दुसरा कित्ता गिरवला आहे. फरक एवढाच की ताऱ्यांच्या जागी आता 'लोककलावंत' आले आहेत. त्यांच्याकडेही गाणं म्हणून कमी आणि दृश्य म्हणून जास्त पाहिलं जातं.

'चाचा, टोपी आणलीय का?'

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीचे एक क्लॅरोनेटवाले आहेत. साठी उलटलेली. लग्नाच्या बँडमध्ये पस्तीस-चाळीस वर्षं काढलेली. नाट्यगीत म्हणा, लावणी म्हणा, कव्वाली म्हणा, ते सारख्याच तयारीनं वाजवतात. गावातल्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्या बँडला मान आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका एकता-गीतासाठी त्यांना बोलावणं आलं. बोलावणाऱ्यांचं नाव इथं महत्त्वाचं नाही, कारण पद्धत सगळीकडची एकच.

सकाळी सहाला एका जुन्या वेशीपाशी चित्रीकरण. चाचा बँडच्या गणवेशात गेले, लाल कोट, सोनेरी पट्ट्या. त्या मुलांना तो पसंत पडला नाही. क्लॅरोनेटही पसंत पडली नाही, 'ती विदेशी दिसते' म्हणाले. शेजारच्या गावातून सनई मागवली. मग पांढरा कुडता दिला आणि विचारलं, 'चाचा, टोपी आणलीय का?' चाचांनी मला नंतर सांगितलं, 'अरे, टोपी मी नमाजला घालतो. बँडमध्ये आमचा ड्रेस आहे, तो घालतो. पण पोरं लांबून आली होती, म्हटलं चला.' दोन तास वेगवेगळ्या बाजूंनी चित्रीकरण झालं. हातावर दोन हजार रुपये ठेवले. एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता, त्याची प्रत दिली नाही.

गाणं आलं तेव्हा चाचा त्यात तीन सेकंद होते. सनईचा आवाज होता, पण तो कीबोर्डवरचा. चाचांची फुंक कुठंच नव्हती. खाली नावही नव्हतं. त्यांच्या नातवंडांनी तो तुकडा मोबाईलवर सगळ्या गल्लीत दाखवला. चाचा ते पाहतात तेव्हा आवाज बंद करतात, कारण वाजतंय ते त्यांचं नाही.

या माणसानं आयुष्यभर जे वाजवलं ते खऱ्या अर्थानं मिलाफाचं संगीत आहे. हिंदूंच्या वरातीपुढं मुस्लिम वादक नाट्यपद वाजवतो, यात या गावात कुणाला नवल वाटत नाही. एकतेचं गाणं करणारे त्या गावात आले आणि नेमकं तेच टाकून गेले. त्यांना हवा होता टोपीवाला. गाणारा-वाजवणारा मुसलमान या देशाच्या संगीतात कायम होताच, त्याला खुणेची गरज पडली नव्हती. आता गाणं बाजूला ठेवून खूण तेवढी उचलली जाते. पगडीवाला शीख, टोपीवाला मुसलमान, फेटेवाला मराठा, पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुलांना असं सजवतात. पिकल्या केसांच्या कलावंतांचं तसं करणं हा त्यांचा अपमान आहे.

नाव न देण्याची किंमत

नाव न देणं ही विसरभोळेपणाची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर ती तशी नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क आहे. तो ५० वर्षं टिकतो. २०१२च्या दुरुस्तीनं त्याला बळ दिलं. सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्क आला आणि आपलं नाव दिलं जावं हा नैतिक हक्कही आला. पण त्याच दुरुस्तीनं 'सादरकर्ता' कुणाला म्हणायचं या व्याख्येला एक परंतुक जोडलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठंही येत नाही, त्याला सादरकर्ता मानलं जाणार नाही. त्याच्या कामाची मोडतोड होऊ नये, एवढाच हक्क त्याच्याकडे उरतो. कायद्याच्या भाषेत चित्रपट म्हणजे फक्त थिएटरातला सिनेमा नाही. चार मिनिटांचं गीतचित्रही त्यात येतं.

याचा साधा अर्थ असा की ज्याचं नाव गाळलं जातं त्याच्या हक्काचा पायाच डळमळीत होतो. श्रेयनामावलीतली एक ओळ म्हणजे कौतुकाची थाप नाही, ती सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखी आहे. नोंद नसेल तर उद्या जमीन कुणाची हे सांगत बसावं लागतं.

नाव दिल्यानं काय होतं याचं उदाहरण दूर जाऊन शोधायला नको. २०१२ मध्ये संगीतकार स्नेहा खानवलकर यांनी 'साउंड ट्रिपिन' ही मालिका एमटीव्हीसाठी केली. गावोगाव फिरायचं, तिथले आवाज आणि तिथले कलावंत ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यातून गाणं उभं करायचं. पंजाबात त्या किला रायपूरच्या ग्रामीण क्रीडामेळ्यात गेल्या आणि जालंधरच्या ज्योती आणि सुलताना नूरां या बहिणींना त्यांनी गायला लावलं. या मुली मिरासी परंपरेतल्या, बीबी नूरां यांच्या घराण्यातल्या. 'टुंग टुंग' हे गाणं बहिणींच्या नावानंच ओळखलं गेलं. त्यांच्या गायकीचा चढता आवेश त्यात कापला नव्हता, उलट गाणंच त्याभोवती बांधलं होतं. दोन वर्षांत ए. आर. रहमान यांनी 'हायवे' चित्रपटात त्यांच्याकडून 'पटाखा गुड्डी' गाऊन घेतलं. हे सगळं नुसत्या नावामुळं झालं असं नाही, गळाही तसाच होता. पण गळा कुणाचा हे लोकांना कळलं म्हणून पुढचा फोन त्यांच्या घरी गेला.

राजस्थानात हेच काम कोमल कोठारी यांनी कितीतरी आधी, संयमानं केलं. लंगा आणि मांगणियार हे मुस्लिम गायक-वादक. मांगणियारांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी जन्म, लग्न असलं की हे गाणार, कृष्णाची गाणीही गाणार. कोठारींनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, वंशावळी समजून घेतल्या, त्यांना देशात-परदेशात व्यासपीठावर नेलं. कमायचा वाजवणारे साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. 'राजस्थानी लोककलावंत' एवढ्यावर भागवलं असतं तर ती कुणाला दिली असती?

दोन हरकती

या मांडणीवर दोन हरकती हमखास येतात. पहिली अशी की हे देशासाठी केलेलं काम आहे, त्यात पैशाचा हिशेब कसला? चांगली गोष्ट आहे. मग कॅमेरावाल्यानंही फुकट काम करावं, संकलकानंही करावं, ड्रोन भाड्यानं देणाऱ्यानंही बिल लावू नये. तसं होत नाही. देशप्रेमाची वर्गणी फक्त सनईवाल्याकडूनच का मागायची? ज्याला वर्षातले चार महिनेच लग्नसराईचं काम मिळतं, त्याच्याकडून तर ती मुळीच मागू नये.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. वातावरण इतकं बिघडलेलं असताना कुणी एकतेचं काही करतंय, तर त्यात चुका कशाला काढता? मला वाटतं, वातावरण बिघडलेलं आहे म्हणूनच हे काम चोख व्हायला हवं. सजवलेली एकता पटकन विटते. टोपी घातलेला माणूस तीन सेकंद हसला म्हणून कुणाच्या मनातला संशय जात नाही. पण आपल्या वरातीत वाजवणारा हाच माणूस, त्याचं हे नाव, त्यानं हे नाट्यपद असं वाजवलं, हे कळलं तर पाहणाऱ्याला काहीतरी ओळखीचं सापडतं. त्यातून परकेपणा थोडा तरी झिजतो.

करायचं म्हटलं तर फार अवघड नाही. कलावंताला आधी त्याचं स्वतःचं एक गाणं पूर्ण वाजवू द्यावं आणि ते ध्वनिमुद्रण त्याला देऊन टाकावं. आपल्याला त्यातल्या आठ ओळीच हव्या असल्या तरी हरकत नाही. निदान एका तरी ठिकाणी त्याच्या पट्टीत आणि त्याच्या लयीत बाकीच्यांनी यावं. पडद्यावर नाव, गाव आणि वाद्य लिहावं, त्याच्या भाषेत. करार मराठीत, हिंदीत किंवा त्याला वाचता येईल त्या लिपीत असावा आणि त्याची प्रत त्याच्या घरी राहावी. मानधन आधी ठरवावं. त्याचा चेहरा दाखवणार असाल तर आवाजही त्याचाच वापरावा. आणि पोशाख त्याला विचारून ठरवावा. तो बँडच्या लाल कोटात आला तर तोच त्याचा खरा पोशाख आहे, त्या कोटात त्यानं या देशाची हजारो लग्नं वाजवली आहेत.

ज्या संस्था अशी गाणी करतात त्यांच्याकडे पैसा आहे, तंत्र आहे, बहुतेकांकडे हेतूही चांगला आहे. कमी पडतो तो वेळ. कलावंताजवळ दोन तास बसून, 'तुम्ही काय वाजवता' हे विचारण्याएवढा वेळ. यंदाच्या ऑगस्टमध्ये एखाद्यानं तेवढा काढला, तर ते गाणं मी आनंदानं सगळ्यांना पाठवीन आणि खाली आलेली नावं शेवटपर्यंत वाचीन.